मिस्टर कमावतात म्हणून माझा पगार कमी?

नमस्कार ताई,

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, नोकरीला नऊ वर्षं झाली. अडीच वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक मुलगा लागला. गेज धरण्यापासून कस्टमरचे रिपोर्ट भरण्यापर्यंत सगळं मीच शिकवलं त्याला. स्वभावानं चांगला आहे, मला अजून ‘मॅडम’ म्हणतो. गेल्या महिन्यात त्याला घराच्या कर्जासाठी बँकेत कागद द्यायचे होते. ऑफिसच्या मशीनवर त्याच्या पगारपावत्यांच्या झेरॉक्स काढायला मीच मदत केली आणि आकडा दिसला. त्याला ३१,०००, मला २३,५००. काम तेच, टेबल तेच.

छोट्या मालकांना भेटले. त्या मुलाचं नाव काढलं नाही, माझा पगार कमी वाटतो एवढंच म्हटलं. ते म्हणाले, “ताई, पोरांना घर चालवायचं असतंय. तुमचे मिस्टर आहेत की बँकेत.” मग म्हणाले, तुम्ही नाइट करत नाही. शिवाय २०२१ला बाळंतपणाच्या रजेवर होता, त्या वर्षीचं इन्क्रिमेंट राहिलं, ते तसंच पुढं गेलं. मला काही सुचलंच नाही. ‘बरं’ म्हणून बाहेर आले.

घरी मिस्टर म्हणतात, मिळतंय ते काय वाईट आहे? एमआयडीसी एवढीशी, सगळे मालक एकमेकांच्या ओळखीचे, उगाच नाव होईल. सासूबाई म्हणतात, एवढा जीव जळत असेल तर घरी बस. मी भांडू, गप्प बसू, की दुसरीकडं बघू? त्या मुलाचं नुकसान व्हायला नको. आणि आमच्या कोअर शॉपमधल्या, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे गाभे करतात तिथल्या, बायकांचं तर विचारूच नका. तिथं पुरुषाला ऑपरेटर म्हणतात आणि बाईला हेल्पर.

— क्वालिटीवाली, कोल्हापूर

क्वालिटीवाल्या ताई,

‘बरं’ म्हणून बाहेर आलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मालकांनी त्या एका भेटीत तीन कारणं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली आहेत, आणि तिन्ही तपासता येण्यासारखी आहेत. आज रात्रीच वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत. पुढं लागेल.

कारणांकडं वळण्याआधी एक नावडता प्रश्न विचारते. तुमच्याइतकीच आठ-नऊ वर्षं झालेले पुरुष तुमच्या विभागात किंवा मशीन शॉपच्या इन्स्पेक्शनला आहेत का? त्यांना काय मिळतं? हे कळेपर्यंत पुढं जाऊ नका. आपल्याकडच्या कारखान्यांत दोन अन्याय एकमेकांत मिसळलेले असतात. एक बाई म्हणून होणारा, दुसरा जुनं माणूस म्हणून होणारा. बाहेरून माणूस आणायचा तर बाजारभावानं आणावा लागतो. आतल्या माणसाला मात्र दरसाल सात-आठ टक्के देऊन भागवलं जातं. शिरोलीतून गोकुळ शिरगावला, तिथून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला अशा उड्या मारणारा पोरगा प्रत्येक उडीला पगार वाढवून घेतो. बाई उडी मारत नाही, कारण पोराच्या शाळेची रिक्षा, केएमटी बसची वेळ आणि सासूबाईंचा दवाखाना हे सगळं तिनं त्या एका कारखान्याच्या अंतरावर बसवलेलं असतं. मालकालाही ते ठाऊक असतं. ही बाई जाणार नाही, या भरवशावर तिचा पगार ठरतो.

तेव्हा समजा, नऊ वर्षं झालेल्या पुरुषांनाही चोवीस-पंचवीस हजारच मिळतात. मग हा जास्त करून जुन्या माणसांवरचा अन्याय आहे. बोलायचं तेव्हाही आहेच, पण ‘बाई म्हणून कमी देता’ हे सिद्ध करणं जड जाईल, आणि तुम्ही एकट्या जाण्यापेक्षा त्या पुरुषांना बरोबर घेऊन गेलात तर वजन पडेल. उलट त्यांना एकोणतीस-तीस मिळत असतील, तर मामला सरळ आहे. थेट आकडा विचारला की माणसं आखडतात. “आपल्या ग्रेडला साधारण कितीपासून कितीपर्यंत देतात हो?” असं विचारलं की बहुतेक जण बोलून जातात.

आता ते पहिलं कारण, घर चालवायचं. छोटे मालक हे वाईट बुद्धीनं बोलले असतील असं मला वाटत नाही. त्यांना ते खरोखरच रास्त वाटत असणार, आणि तिथंच खरी अडचण आहे. आपल्या जिल्ह्यात गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे कधी कुणी ठरवलं कुणाला आठवत नाही. भांगलणीला दिवसभर वाकून राहणारी बाई कमी पैसे घेऊन घरी जाते आणि तिलाही त्यात वावगं वाटत नाही. उसाच्या फडात तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल नवऱ्याच्या नावावर, मोळी तिच्या डोक्यावर. तिचा म्हणून वेगळा आकडाच नाही. याच मुलखातला मालक पुढं सीएनसी मशीन आणतो, वाहन उद्योगातल्या गुणवत्तेचं, आयएटीएफ १६९४९चं सर्टिफिकेट फ्रेम करून रिसेप्शनला लावतो, पण पगार ठरवायची वेळ आली की घरातला कर्ता कोण हेच मनात मोजतो.

तो हिशेब जरा त्यांच्याच नियमानं पुढं नेऊन बघा. आई-बापाच्या घरात राहणाऱ्या बिनलग्नाच्या पोराला मग कमी मिळायला हवं. कोअर शॉपमध्ये नवरा गेलेली, पोरं शिकवणारी एखादी बाई असेलच, तिला कारखान्यात सगळ्यात जास्त. असं कुठं होतं का? गरज मोजायची आठवण फक्त बाईचा पगार कमी ठेवायचा असतो तेव्हाच होते. आणि तुम्हाला बजावून सांगते, तुम्हीसुद्धा त्या खेळात शिरू नका. “आमच्यावरही हप्ते आहेत, मिस्टरांच्या पगारात भागत नाही” असं म्हणालात की मालकाचा नियम तुम्ही मान्य केला, नुसती आपली गरज मोठी असल्याचं सांगितलंत. मिस्टर उद्या बँकेचे मॅनेजर झाले तरी तुमच्या टेबलावरच्या कामाची किंमत तीच राहते.

दुसरं कारण नाइटचं. नाइट करणाऱ्याला जास्त मिळावं हे मला पूर्ण मान्य आहे, पण त्याची पगारपावतीत वेगळी ओळ असावी लागते. समजा तो महिन्याला आठ नाइट करतो आणि नाइटला १५० रुपये भत्ता आहे. झाले १,२००. मग ७,५००मधले उरलेले ६,३०० कशाचे? हा प्रश्न मालकांना जरूर विचारा, शांतपणे, कागदावर वजाबाकी करून. शिवाय तुम्हाला नाइटबद्दल कधी कुणी विचारलं होतं का? नव्या कामगार संहितांप्रमाणे संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत बाईला कामावर घ्यायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकानं करायची असते. न विचारता ‘तुम्ही करत नाही’ असं म्हणणं सोपं आहे. तुम्हाला नाइट करायची नसेल तर तसंही स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही. फक्त तो भत्त्याचा विषय आहे, मूळ पगाराचा नाही, हे धरून बसा.

तिसरं कारण ऐकून मात्र मला राग आला. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१चा, २०२१ला तोच लागू होता. २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी ती भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्या रजेच्या काळात बाईला कामावरून काढणं किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या दिशेनं बदलणं बेकायदा आहे. त्या वर्षी विभागातल्या सगळ्यांना वाढ मिळाली आणि एकट्या तुम्हाला वगळलं, एवढं दाखवता आलं तर ‘इन्क्रिमेंट राहिलं’ हे वाक्य मालकांना महागात पडू शकतं. राहिलेली एक वाढ किती वाढत जाते तेही बघा. तेव्हा तुमचा पगार १७,००० होता असं धरू. ८ टक्क्यांचे १,३६० रुपये तेव्हा गेले. पुढच्या चार वाढी त्याच दरानं धरल्या तर आज ते महिना जवळपास १,८५० रुपये होतात. तुमच्या फरकाचा पाव हिस्सा निव्वळ एका बाळंतपणाचा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला तो माहीत असला पाहिजे, लगेच वापरायचा नसला तरी. राज्यघटनेच्या ३९व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. १९७६ साली समान वेतनाचा वेगळा कायदा झाला. आता त्याची जागा वेतन संहिता २०१९नं घेतली आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यात लिहिलंय ते असं, की एकाच मालकाकडं सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम करणाऱ्यांत लिंगावरून वेतनात फरक करता येणार नाही. ‘सारखं’ कसं ओळखायचं? कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी बघायच्या, आणि किरकोळ फरक असले तरी प्रत्यक्षात त्यांना महत्त्व नसेल तर काम सारखंच धरायचं. ही संहिता सुपरवायझर आणि मॅनेजर पदावरच्यांनाही लागू आहे, त्यामुळं ‘तुम्ही स्टाफमध्ये, तुम्हाला कामगार कायदा नाही’ असं कुणी म्हणालं तर पगाराच्या बाबतीत ते खरं नाही.

मालक लोक जी कारणं देतात ती सुप्रीम कोर्टानं फार पूर्वी ऐकलेली आहेत. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंना जास्त, बायकांना कमी. कंपनी म्हणाली, या बायका मोठ्या साहेबांच्या खासगी स्टेनो आहेत, त्यांचं काम वेगळं. मग म्हणाली, युनियनशी करार करूनच हे दर ठरलेत. मग म्हणाली, आम्हाला परवडत नाही. २६ मार्च १९८७च्या निकालात कोर्टानं तिन्ही म्हणणी फेटाळली. खासगी स्टेनोच्या जागेवर कंपनी पुरुष नेमतच नव्हती, तरी त्यानं फरक पडत नाही असं कोर्टानं म्हटलं, आणि मालकाची ऐपत नाही म्हणून बाईला कमी देता येत नाही हेही सांगितलं. तुमच्या मालकांनी अजून ‘परवडत नाही’ म्हटलेलं नाही. म्हणतील. स्टीलचे भाव, विजेचं बिल, ऑर्डर कमी, हे सगळं तुमच्यासमोर मांडतील. तेव्हा डिकोस्टाबाई आठवा आणि गप्प ऐकून घ्या.

आता तयारीचं. तुमच्या विभागाच्या भिंतीवर एक स्किल मॅट्रिक्स असेलच. उभी नावं, आडवी कामं, प्रत्येक चौकोनात चार भाग केलेलं वर्तुळ, आणि ज्याला जितकं येतं तितके भाग काळे केलेले. ऑडिटर आला की मालक स्वतः त्या तक्त्यासमोर उभे राहून आमची माणसं किती तयार आहेत ते सांगतात. उद्या कामावर गेलात की तुमच्या नावाची ओळ आणि त्या मुलाची ओळ नीट वाचा. माझा अंदाज आहे की तुमची वर्तुळं भरलेली असतील आणि त्याची एक-दोन ठिकाणी अर्धी-पाऊण. म्हणजे कौशल्याचा दाखला कारखान्यानंच देऊन ठेवलाय, सहीशिक्क्यासकट, आणि कस्टमरला दाखवलाही आहे. त्याच्या ट्रेनिंग रेकॉर्डला शिकवणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव असेल. कस्टमर कंप्लेंटचे जे आठ-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि त्यावरचा उपाय मांडणारे) तुम्ही लिहिलेत त्यांचे नंबर आणि तारखा वहीत उतरवा. फाइलींचे फोटो काढून घरी नेऊ नका, त्यावरूनच उलट तुम्हाला धरतील. तुमची स्वतःची कागदपत्रं मात्र घरी हवीत. नेमणूकपत्र, वाढीची पत्रं, नऊ वर्षांच्या जितक्या सापडतील तितक्या पगारपावत्या. २०२१ची तर नक्की.

मग वेळ मागून भेटा. शिफ्ट सुटताना, जिन्यात, ‘जरा बोलायचं होतं’ असं करू नका. बोलायचं साधारण असं:

“दादा, मागं माझ्या पगाराबद्दल बोलले होते. आज कामाचं घेऊन आले आहे. फायनल इन्स्पेक्शन, कस्टमरचे रिपोर्ट, कंप्लेंट आणि नव्या माणसांचं ट्रेनिंग, एवढं मी बघते. आपल्या स्किल मॅट्रिक्समध्ये माझी लेव्हल काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. हे काम करणाऱ्या माणसाचा आपल्याकडं पगार काय ठरलेला आहे? मी त्यात कुठं बसते? आणि २०२१ला माझी वाढ कशामुळं थांबली, हे मला लेखी मिळेल का?”

इथं थांबा. पुढचं वाक्य मालकांचं असू द्या. आपण बायका शांतता पसरली की ती भरून काढायला ‘म्हणजे तसं काही नाही, जमेल तसं बघा’ असं बोलून टाकतो आणि मागितलेलं परत देऊन येतो. आकडा विचारला तर आकडा सांगा, ३१,०००. ‘थोडं वाढवून द्या’ म्हणू नका, थोडं म्हणजे हजार रुपये मिळतील आणि विषय वर्षभर बंद होईल. घरी गेल्यावर त्याच दिवशी एक मेल किंवा व्हॉट्सअॅप पाठवा: ‘आज आपलं अमुक बोलणं झालं, तुम्ही पंधरा दिवसांत सांगतो म्हणालात, धन्यवाद.’ इतकंच. भाषा गोड असली तरी चालेल, तारीख हवी. कारखान्यांतून २६ जूनला शाहू महाराजांच्या फोटोला हार घालतात, तेव्हा कुणाला सुचत नाही की महाराजांनी २६ जुलै १९०२ला मागासवर्गाबद्दल नुसती कळकळ दाखवून काम भागवलं नव्हतं, करवीर सरकारच्या गॅझेटात ५० टक्के हा आकडा छापला होता. तुमच्या बाबतीतही कागदावर आकडा येईपर्यंत काही झालं असं समजू नका.

‘साडेसात हजारांसाठी एवढं?’ असं घरात कुणी म्हणालं तर हे वाचून दाखवा. वर्षाला ९०,०००. फरक पहिल्यापासून एवढाच होता असं धरलं तर अडीच वर्षांचे २,२५,०००. वाढ दोघांनाही ८ टक्के दिली तरी तुम्हाला १,८८० मिळतात आणि त्याला २,४८०, म्हणजे कुणी काही न करता दरी रुंदावत जाते. शेवटी ग्रॅच्युइटी. ती शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, दर वर्षाला १५ दिवसांची, महिना २६ दिवसांचा धरून काढतात. मूळ पगारात ५,२०० रुपयांचा फरक असेल तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागं ३,००० कमी. वीस वर्षं काढलीत तर ६०,०००.

त्या मुलाची काळजी तुम्ही केलीत हे मला आवडलं. त्याच्या पगाराला धक्का लागणार नाही. समानता आणायची म्हणून कुणाचाही पगार कमी करायला वेतन संहितेतच मनाई आहे, वाढवायचा तो तुमचाच. त्याची पावती तुम्ही पाहिली हे कुठंही बोलू नका, आणि तिची कॉपी चुकून तुमच्याकडं राहिली असेल तर परत द्या. प्रकरण पुढं गेलंच तर पगाराची रजिस्टरं मालकाकडून मागवायचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला असतो, तुम्हाला पुरावा चोरून आणायची गरज पडत नाही. त्याला विश्वासात घ्यायचं का? माझं मत, आत्ता नको. घराचं कर्ज काढतोय, त्याला घाबरवू नका.

पुढं जाणं म्हणजे कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जाणं. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडं आणि कशा नमुन्यात करायचा, ते तिथं आधी विचारून घ्या. वेतन संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करायचा असतो, तो तुम्ही स्वतः करू शकता किंवा तुम्ही सभासद असलेली नोंदणीकृत युनियन करू शकते. कमी दिलेली रक्कम आणि वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा आदेश होऊ शकतो. देणं चुकतं केल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. नोव्हेंबर २०२५च्या आधीच्या थकबाकीला जुना कायदा लागेल, तेवढ्यासाठी कामगार खटले चालवणाऱ्या एखाद्या वकिलाला एकदा कागद दाखवा. एक धोका मात्र लपवत नाही. तुमचं काम सुपरवायझरचं ठरलं आणि पगार १८,०००च्या वर असेल, तर औद्योगिक संबंधांच्या नव्या संहितेत तुम्ही ‘कामगार’ धरल्या जात नाही. म्हणजे पगाराचा दावा करता येतो, पण रागानं नोकरीवरून काढलं तर तिथलं संरक्षण लंगडं पडतं. नेमणूकपत्रावर काय पद लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय करता, दोन्ही वकिलाला सांगा. म्हणूनच माझा आग्रह आहे की आधी बोलणं, मग लेखी पत्र, आणि आयुक्तांच्या ऑफिसची पायरी सगळ्यात शेवटी, बाहेरची एखादी ऑफर हातात असताना.

मिस्टरांचं ‘एमआयडीसी एवढीशी’ हे खरं आहे. पण एवढ्याशा एमआयडीसीत कुणाचं रिजेक्शन का वाढलं आणि कुठल्या फौंड्रीचं ऑडिट कुणामुळं सुटलं, हेही चहाच्या टपरीवर ठाऊक असतं. उद्यमनगरापासून कागलपर्यंत कास्टिंग करणारे उदंड आहेत, कस्टमरच्या ऑडिटरसमोर न अडखळता उत्तरं देणारं माणूस सहज मिळत नाही. मिस्टरांच्या बँकेत बरोबरीच्या दोन क्लार्कना वेगळा पगार निघाला असता तर ते गप्प बसले असते का, एवढं त्यांना विचारा. बँकेत पदाची वेतनश्रेणी छापलेली असते, तिथं बाईचा नवरा काय करतो हे कुणी विचारत नाही, म्हणून त्यांना हे दुखणं लवकर कळत नसेल. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना वरची ग्रॅच्युइटीची बेरीज दाखवा, हिशेब त्यांना तुमच्या मिस्टरांपेक्षा लवकर कळेल.

दुसरीकडं बघायचं तर आजपासूनच बघायला लागा, इथलं बोलणं चालू असतानाच. फक्त नव्या ठिकाणी ‘सध्या किती मिळतात’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येईल आणि २३,५०० म्हणालात की ते २६ देऊन उपकार करतील. जुना अन्याय नव्या कारखान्यात असाच चालत जातो. ‘या कामाला बाजारात तीस-बत्तीस आहे, माझी अपेक्षा बत्तीसची आहे’ असं आधी म्हणा. पगारपावती मागितली तर द्या, खोटा आकडा सांगू नका, पण अपेक्षा त्या पावतीवरून मोजू देऊ नका. आणि ऑफरचा कागद हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनाम्याची धमकी नको.

कोअर शॉपचा तुम्ही शेवटी ओझरता उल्लेख केलात, पण मला तो तुमच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. वाळू भरायची, कोअर बॉक्समधून अख्खा कोअर न मोडता काढायचा, फाइलनं कडा घासायच्या, कोटिंग करून ट्रे उचलून न्यायचा. ज्या बाईच्या हाताखाली कोअर मोडत नाहीत तिला हेल्पर कशी म्हणता? इथं पगारातला फरक पदाच्या नावातच भरून टाकलेला असतो, म्हणजे कागदावर भेदभाव दिसतच नाही. वर पुष्कळ ठिकाणी पुरुष कंपनीच्या मस्टरवर आणि बायका ठेकेदाराच्या. कायदा ‘एकाच मालकाकडं’ असं म्हणतो, तिथं पळवाट सापडते. तुमच्या कारखान्यात या बायका नेमक्या कुणाच्या मस्टरवर आहेत, त्यांना पगारपावती मिळते का आणि तिच्यावर पद काय लिहिलंय, एवढं मला कळवाल का? पगारपावती देणं सक्तीचं आहे, मिळत नसेल तर सुरुवात तिथून करता येईल. त्या स्वतः लिहिणार नाहीत, तुम्ही डबा खाताना त्यांच्याशी बोलता असं तुमच्या पत्रावरून वाटलं. त्यांच्यासाठी वेगळं उत्तर लिहीन. तुमच्या बोलण्याचं काय झालं तेही कळवा, विशेषतः छोटे मालक आता चौथं कारण कोणतं काढतात ते.